चिऱ्यावरचा कोंबडा

मला खोली मिळाली ती माझ्या खात्यामुळे, माझ्यामुळे नव्हे. बदली होऊन रत्नागिरीत आलो आणि मांडवीला जागा शोधत फिरत होतो. आमच्या सांगलीकडचा माणूस समुद्र बघितला की अर्धा वेडा होतो, तेव्हा राहीन तर समुद्राजवळच असा हट्ट धरला होता. कुणी घरमालक पगार विचारायचा, कुणी लग्न ठरलंय का विचारायचा. शेवटी एका कौलारू घराच्या पायरीवर एक उंच, ताठ बाई भेटल्या. साठी उलटलेली, जाड भिंगांचा चष्मा, आणि काखेत एक कोंबडी. कोंबडी इतकी लहान की आधी मला ती लोकरीची पर्स वाटली. मग पर्सने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"कुठल्या खात्यात?" बाईंनी विचारलं.

"वीज. कनिष्ठ अभियंता आहे मी."

"म्हणजे लाईट गेली की आणणारे तुम्हीच?"

"मी एकटा नाही, पण..."

"या आत. चपला तिकडे काढा. पायाखाली बघून चाला, पिल्लं आहेत."

एवढ्यावर माझी निवड झाली. त्या दिवसापासून मी त्यांचा 'वायरमन' झालो. मी अभियंता आहे, माझ्या हाताखाली वायरमन असतात, असं मी त्यांना पुष्कळदा समजावलं. त्या शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "तेच ते."

बाई म्हणजे शाळेतल्या चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका. अर्ध्या रत्नागिरीला त्यांनी रंगात पाणी किती घ्यावं ते शिकवलं होतं, आणि त्या अर्ध्या रत्नागिरीने ते शिकून घेतलं नव्हतं. पण धाक असा की बाजारात बाई समोरून आल्या तर पोटं सुटलेले पुरुष हातातली तंबाखू मागे लपवायचे. ग्रेड परीक्षांचे पेपर वर्षानुवर्षं तपासल्यामुळे त्यांना सगळ्या जगाला ग्रेड द्यायची सवय लागली होती. मी केलेले पोहे, सी. शेजारच्या घराला दिलेला नवा रंग, नापास. माझं लग्न ठरलं तेव्हा मी मोठ्या उत्साहाने होणाऱ्या बायकोचा फोटो दाखवला. त्यांनी तो उजेडात धरला, लांब नेला, जवळ आणला आणि म्हणाल्या, "बी. चांगली बी." हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही.

एकदा संध्याकाळी आम्ही जेट्टीवर उभे होतो. सूर्य बुडत होता, पर्यटक धडाधड फोटो काढत होते, मीही काढत होतो. बाई म्हणाल्या, "सी. नारिंगी फार झालाय. पाणी कमी पडलं."

"मग तुम्ही ए कशाला देता?"

"दिला नाही कधी. तसं काही समोर आलंच नाही हो." हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. वाट बघणाऱ्या माणसाच्या सुरात सांगितलं, आणि मला त्या क्षणी त्या बाईबद्दल एकदम प्रेम वाटलं.

आता कोंबड्यांकडे येतो. खरं तर कोंबड्यांपासूनच सुरुवात करायची होती, पण बाईंबद्दल बोलायला लागलं की असं होतं.

परसात लाकडी खुराड्यांची रांग होती आणि त्यात बँटम जातीच्या कोंबड्या. ओंजळीत मावतील अशा, पण ऐट मात्र संस्थानिकाची. अंडी खायला पाळायच्या नाहीत, कापायला तर नाहीतच. फक्त रंगासाठी आणि अंगाच्या ठेवणीसाठी. बाईंनी त्यांना आपल्याकडच्या फळांची नावं दिली होती. पांढरी ती ताडगोळा, काळी ती करवंद, जांभळट लाल ती रातांबा आणि पिवळी ती फणस. सकाळी त्या हजेरी घ्यायच्या. "रातांबा!" म्हणून हाक मारली की त्या खुराड्यातून एक कोंबडा मान बाहेर काढायचा. मला आधी तो योगायोग वाटला. मग एकदा मी हाक मारून बघितली, तर एकाने ढुंकूनही पाहिलं नाही.

शेजारी मासे विकणारी एक काकी राहायची. ती रोज मधल्या दगडी गडग्यावर कोपर टेकून यांची मजा बघायची.

"बाई, ह्येचा रस्सा केला तं तांब्यात मावंल वो."

"तुझ्या अंगणात गुलाब आहे ना गो? त्याची भाजी करतेस?"

"गुलाबाला दाना घालाया लागत नाय." काकी हसून जायची, आणि जाताना माशांची टाकं, म्हणजे उरलेली डोकी-शेपट्या, गडग्यावर ठेवून जायची. पिल्लांना टाकं घातली की पिसांना चकाकी येते, हे तिनंच बाईंना सांगितलं होतं.

हे सगळं कशासाठी चाललंय, ते मला कळायला पावसाळा यावा लागला. बाहेर धो धो कोसळत होतं आणि बाई कंदील घेऊन बसल्या होत्या, कारण अर्थातच लाईट गेली होती आणि त्याला अर्थातच मी जबाबदार होतो. त्या म्हणाल्या, "वायरमन, इथं सगळं जांभ्याचं. घर जांभ्याचं, गडगा जांभ्याचा, विहीर, पायऱ्यांची पाखाडी, देऊळ. आणि तो रंग कुठल्याही रंगपेटीत मिळत नाही. मुलांना सांगायची, तांबडा घ्या, त्यात थोडा पिवळा, नावाला काळा. एकाचाही आला नाही. मी स्वतः इतकी वर्षं कालवतेय, माझाही आला नाही. कागदावर जमला नाही, म्हणून आता पिसांवर आणते."

मला तोवर जांभा म्हणजे लाल दगड एवढंच माहीत होतं. पण खाणीतून नुकता कापलेला चिरा बघा एकदा. तांबडा असतो, त्यात हळदीसारखे पिवळे ठिपके असतात, मध्ये मध्ये काळी छिद्रं. दोन पावसाळे गेले की तोच काळा पडतो. बाईंना रंग हवा होता तो ताज्या चिऱ्याचा. म्हणून दर वर्षी पाऊस सरला की त्या सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळमाळावरच्या, खाणीतून एक नवा चिरा आणवायच्या आणि अंगणाच्या मधोमध ठेवायच्या. तो परीक्षेचा चिरा. प्रत्येक पक्ष्याला त्यावर उभं करायचं आणि लांबून बघायचं. पक्षी दिसला की नापास.

हो, दिसला की नापास. सगळे लोक कोंबडा उठून दिसावा म्हणून धडपडतात, आणि या बाई तो दिसू नये म्हणून. मी त्यांना तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "उठून दिसणं सोपं असतं."

बघण्याआधी आणखी एक विधी असायचा. "नजर धुवून या," असं बाई सांगायच्या. म्हणजे फाटकापर्यंत जायचं, समुद्राकडे बघत थोडा वेळ उभं राहायचं आणि मग परत येऊन एकदम कोंबड्याकडे बघायचं. सारखं लाल बघून डोळा थकतो, त्याला खरं दिसेनासं होतं, असं त्यांचं म्हणणं. पोस्टमन असो, दूधवाला असो, जो येईल त्याला त्या नजर धुवायला पाठवायच्या. आमच्या खात्यातला एक वरिष्ठ साहेब मला भेटायला आला होता. तोही मुकाट्याने फाटकात जाऊन समुद्राकडे बघत उभा राहिला. मी खिडकीतून बघून पोट धरून हसलो.

आणि रंग म्हणजे अर्धेच मार्क. उरलेले अर्धे अंगाच्या ठेवणीचे. छाती होडीच्या टोकासारखी पुढे, पाय आखूड, पंखांची टोकं जमिनीला टेकू टेकू, शेपूट उभी. "तुऱ्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत पेन्सिल न उचलता रेघ काढता आली पाहिजे," असं म्हणून त्या हवेत बोटाने ती रेघ काढायच्या. पण रंग जरा जवळ आला की पाय बगळ्यासारखे व्हायचे. पाय आखूड झाले की रंग थेट वरणाचा. रातांब्याला फणसाशी लावायचं, त्यांच्या पिल्लांत करवंदाचा काळा थेंब घालायचा, नको ती पिल्लं काकीच्या नातवंडांना खेळायला द्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून. मला तर त्या पंक्तीला वाढून दमलेल्या आणि तरी पुढची पंगत बसवणाऱ्या माणसासारख्या वाटायच्या.

कोंबड्याने चिऱ्यावर स्थिर उभं राहायला हवं, म्हणून पिल्लू असल्यापासून शिकवणी असायची. चिऱ्यावर ठेवलं की हलायचं नाही, छाती काढून उभं राहायचं. बाई उचलून खाली ठेवतील तेव्हाच दाणा मिळणार. समोर तांदूळ पडले तरी चिऱ्यावर असताना चोच लावायची नाही. माझ्या हाताखालची माणसं एवढी शिस्तीत असती तर रत्नागिरीची लाईट कधी गेली नसती.

पुढे ज्याचं नावच 'चिरा' पडलं, तो कोंबडा जन्मला माझ्या स्वेटरमध्ये. अंडी उबवायला बाईंनी प्लायवूडची पेटी करून घेतली होती, आत बल्ब लावलेले. पिल्लं बाहेर यायची वेळ आणि भर दुपारी वादळी वारा सुटला. झाडं तारांवर पडली, अख्ख्या भागाची वीज गेली. मी खांबाखाली भिजत उभा, आणि बाईंचा फोन. "वायरमन, तुमच्या खात्याला काही लाज?"

"बाई, झाड पडलंय."

"झाडाचं मला सांगू नका. तुमच्या खोलीतलं लोकरीचं काय आहे ते घेतेय."

संध्याकाळी घरी आलो तर माझा आईने विणलेला स्वेटर भाताच्या गरम पातेल्याभोवती गुंडाळलेला आणि त्याच्या बाह्यांमध्ये अंडी. बरीचशी गेली. एका बाहीतून मात्र टकटक ऐकू येत होतं. बाईंनी माझा हात धरून तिथं नेला आणि आम्ही दोघंही श्वास रोखून बसलो. ओलं, कुरूप, रागावलेलं असं ते पिल्लू जेव्हा बाहेर आलं, तेव्हा मला झालेला आनंद मी पुढे माझी मुलगी झाली तेव्हाच अनुभवला.

पिल्लू वाढायला लागलं तशी त्याची पिसं उलटी वळायला लागली. अंगाला चिकटून बसायची सोडून प्रत्येक पीस वर, डोक्याकडे कुरळं व्हायचं. त्याच्या पणजीची पिसं तशी होती म्हणे. बाई फार हिरमुसल्या. "आजोळावर गेला मेला," म्हणाल्या आणि दोन दिवस त्याच्याकडे बघेनात. मग एका सकाळी त्यांची हाक आली. मी दाढी अर्धी टाकून धावलो.

"नजर धुवून या."

मी समुद्राकडे बघून आलो. अंगणात चिरा होता. चिऱ्यावर ओला तांबडा रंग, हळदीचे ठिपके, काळी छिद्रं. क्षणभर मला खरोखरच नुसता दगड दिसला. मग कडेला बारीक सावल्या हलल्या.

"दिसला," मी म्हटलं.

"कशाने दिसला?"

"पिसं वळलीत ना, त्याच्या खाली सावली पडतेय."

बाई हसल्या. "शिकलात की." मग चष्मा काढून पदराने पुसत त्या पायरीवर बसल्या. "रंग आला हो, वायरमन. रंग आला." त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि मला काय करावं ते सुचेना, म्हणून मी आत जाऊन चहा टाकला. तो सी निघाला.

ग्रेड विचारली तर म्हणाल्या, "बी. रंग देवाचा आहे, पण पिसं उलटी." आता पुढची चाल त्यांच्या डोक्यात पक्की होती. चिऱ्याला सरळ पिसांच्या कोंबड्या द्यायच्या. पिल्लांत काही उलट्या पिसांची निघतील, काही सरळ. सरळ पिसांचा, आखूड पायांचा आणि या रंगाचा एक जरी निघाला तरी जन्माचं सार्थक. पण चिरा अजून नुकता आरवायला लागला होता. त्याचं एकही पिल्लू नव्हतं. तो रंग जगात त्याच एका कोंबड्याच्या अंगावर होता.

पाऊस सरला आणि नवीन चिरा घेऊन खाणवाला आला. हा बाईंचाच जुना विद्यार्थी, सड्यावर त्याची चिऱ्याची खाण. टेम्पोतून चिरा उतरवताना त्याची नजर कोंबड्यावर गेली आणि तो हरखला.

"बाई, ह्यो उलट्या पिसांचा हाय."

"दिसतंय मला."

"गेल्या साली खानीत लय तरास झाला. ब्लेड मोडतंय, गडी पडतंय. गावकर बोल्लं, सड्याच्या राखनदाराला उलट्या पिसांचा कोंबडा द्याया पायजे. सगला तालुका फिरलो, मिलत नाय. बाई, ह्यो देवाला द्या."

राखणदार म्हणजे गावाची, जमिनीची राखण करणारा देव. त्याला वर्षातून एकदा कोंबडा द्यायचा, त्यालाही राखणच म्हणायचं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बाईंना माहीत होतं, पण त्यांचं लक्ष चिऱ्याच्या शेपटीकडे होतं. त्या आपल्याच नादात म्हणाल्या, "देवाचाच आहे तो. मी कोण देणारी?"

बाईंनी नकार दिला होता. त्यांच्या हिशोबी असा रंग देणारा देव, त्यात आपण देणं-घेणं करायचं नाही, विषय संपला. खाणवाल्याने मात्र हात जोडले, कोंबड्यालाही हात जोडले आणि गेला. मला वाटलं, किती समजूतदार माणूस.

पुढच्या आठवड्यात मी एका ट्रान्सफॉर्मरखाली उभा असताना बाईंचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"वायरमन, चिरा नाही."

बाई बाजारात गेल्या होत्या. परत येतात तो खुराड्याचं दार नीट लावलेलं, आत चिरा नाही, आणि पायरीवर केळीच्या पानावर एक नारळ, विडा आणि सुपारी. चोर नारळ ठेवून जात नाही. शेजारची काकी गडग्यावरून म्हणाली, "तुमचा तो खानवाला आलावता. बोल्ला, बाईंनी देवाला बोललेला कोंबडा न्यायला आलंय. मी बोल्लं, बाई देतील कशा? तं बोल्ला, माज्यासमोर बोलल्यात."

बाई मटकन खाली बसल्या. "देवाचाच आहे म्हटलं मी. माझ्याच तोंडाने म्हटलं."

"मग काय झालं? जाऊ आणि परत आणू," मी म्हटलं. सांगलीचा रांगडा मी.

"तसं नसतं हो. एकदा बोललेला कोंबडा परत मागता येत नाही. तो आता त्यांच्या हातातही नाही." त्यांनी तो नारळ पिशवीत टाकला. मग उठल्या, पदर खोचला. "देवालाच विचारायला लागेल. गाडी काढा."

मोटारसायकलवर बाई माझ्या मागे एका बाजूला बसल्या, मांडीवर रिकामी टोपली. सड्याचा रस्ता म्हणजे नुसती खडी आणि धूळ. मी हळू चालवली तर त्या पाठीत बोट खुपसायच्या, जोरात चालवली तर "मारता काय?" म्हणायच्या. आईच्या स्वेटरमधून निघालेला कोंबडा होता तो, माझाही कुणीतरी होता.

पोचलो तर खाणीच्या काठावर एका झाडाखाली वाडीतली पुरुषमंडळी गोळा झालेली. राखणदार म्हणजे शेंदूर न लावलेला एक उभा दगड. त्याच्यापुढे नुकता कापलेला चिरा पाटासारखा मांडलेला, त्यावर तांदूळ पसरलेले आणि तांदळांत आमचा चिरा, छाती काढून उभा. सुरी बाजूला पानावर. पण सगळे नुसते उभे, घामाघूम. मी एका बाप्याला हळूच विचारलं, काय झालंय?

"कोंबडा तांदूल टिपत नाय," तो कुजबुजला. "टिपल्याबिगार देवाला पसंत हाय की नाय ता कसा कलनार? मगासपासून असाच उभा हाय."

मी बाईंकडे बघितलं, बाईंनी माझ्याकडे. दगडावर उभं केलं की हलायचं नाही आणि चोच लावायची नाही. आमचा विद्यार्थी परीक्षेला बसला होता.

गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढची विनवणी, घालायला गावचे मानकरी म्हातारे गावकर उभे होते. त्यांना डोळ्यांनी कमी दिसायचं. ते कपाळावर हात धरून म्हणाले, "आरं, मी कवाचा बघतंय, कोंबडा हाय कुठं? नुसता चिराच दिसतो मना."

बाई पुढे झाल्या. खाणवाल्याने त्यांना बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. बाई स्वतः आल्या, याचा त्याला खराच आनंद झाला होता.

"गावकर," बाई म्हणाल्या, "कोंबडा माझ्या घरचा. गाऱ्हाणं मी घालते."

बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायचं म्हटल्यावर मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. पण त्यातल्या निम्म्यांना बाईंनी कधी ना कधी बाकावर उभं केलेलं होतं. गावकर म्हणाले, "घाला. कोंबडा तुमचा, शबुद तुमचा."

बाईंनी दगडापुढे नारळ ठेवला, हात जोडले आणि वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जायचा तो आवाज काढला. भाषा मात्र शाळेतली नव्हती, माहेरच्या गावची होती.

"हे सड्याच्या राखनदारा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका आवाजात. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी होकार द्यायचा असतो. तो होकार देवापुढे दिलेला, मागे फिरवता येत नाही.

"आज तुज्या लेकरांनी खान सुरू करायच्या आधी तुला कोंबडा बोललाय. त्यो कोंबडा तुजाच हाय!"

"व्हय म्हाराजा!"

"तुज्या सड्याचा रंग तू त्येच्या अंगावर दिलास. असा रंग तू आजवर कुनाला दिला नायस!"

"व्हय म्हाराजा!"

"आपला रंग देव कापून घेत नाय, राखून घेतो!"

"व्हय म्हाराजा!" म्हणून झाल्यावर एक-दोघांच्या कपाळाला आठी पडली. पण बाई थांबल्या नाहीत. गाऱ्हाण्याची एक लय असते, ती माणसाला ओढून नेते.

"तर म्हाराजा, तू आमची राखन कर, आमी तुज्या कोंबड्याची राखन करू!"

"व्हय म्हाराजा!"

"त्येची जी पिल्लं व्हतील, त्यातलं येक येक ह्या वाडीच्या घराघरांत नांदंल, आनि त्येला कोन सुरी लावनार नाय!"

"व्हय म्हारा..." इथे आवाज अडखळला. खाणवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. पण सवय मोठी वाईट, शेवटचं 'जा' मागून कुणीतरी म्हणून टाकलंच. शब्द पुरा झाला.

बाईंनी चिऱ्याला दोन्ही हातांनी उचललं आणि खाली मातीत ठेवलं. उचलून खाली ठेवल्यावर दाणा. त्याने तडक मातीत सांडलेले तांदूळ टिपायला सुरुवात केली, उपाशी कारकून जेवणाच्या सुट्टीत जेवतो तशी.

"टिपलान," कुणीतरी म्हणालं.

गावकरांनी कान दिला, चोचीचा आवाज ऐकला आणि मान हलवली. "देवाला मान्य हाय. सुरी उचला. कोहला आना."

कोंबड्याऐवजी कोहळा कापला गेला. खाणवाला बाईंच्या पाया पडला आणि रडवेल्या तोंडाने म्हणाला, "बाई, मना वाटला तुमी दिलात."

"मला वाटलं मी नाही म्हटलं," बाई म्हणाल्या. "माझंच चुकलं रे. बोलताना पाणी जास्त झालं." मग त्याच्या पाठीवर थोपटून, "ब्लेड चांगलं घे यंदा. स्वस्तातलं आणतोस, मग देवाला कशाला त्रास?" त्याच दिवशी पुन्हा एक ब्लेड मोडलं म्हणे, पण त्याबद्दल कुणी कोंबड्याला दोष दिला नाही.

परत येताना बाई टोपली छातीशी धरून बसल्या होत्या आणि मी गाडी चालवताना मोठमोठ्याने हसत होतो. सड्यावर वारा सुटला होता, खाली खाडी चमकत होती. मी ओरडून विचारलं, "बाई, आता तरी ए द्या त्याला."

"बी," मागून उत्तर आलं. "आंधळ्या म्हाताऱ्याला दिसला नाही, त्यात काय मोठं? तुम्हाला दिसला ना?"

पुढच्याच वर्षी माझी बदली झाली, परत सांगलीकडे. निघताना बाईंनी मला चिऱ्याचं गळलेलं एक पीस दिलं आणि माझ्या बायकोची ग्रेड प्रत्यक्ष भेटीनंतर सुधारून 'चांगल्या बी'वरून 'फार चांगली बी' केली. मधल्या काळात फोनवर बातम्या कळत राहिल्या. वाडीत घराघरांत पिल्लं पोचली. सड्यावरच्या अंगणांत, गोठ्यांत, देवळाच्या पायरीवर लाल लाल बँटम मिरवायला लागल्या आणि त्यांना कुणी हात लावीना, कारण देवापुढे होकार दिलेला. मुंबईहून सुट्टीला आलेले चाकरमानी विचारायचे, ह्या खायच्या नाहीत तर कशाला ठेवल्यात? वाडीतली माणसं म्हणायची, बाईंना विचारा. इतक्या घरांत, इतक्या अंगणांत बाईंचाच कळप वाढत होता आणि बाई दर रविवारी टोपली घेऊन हजेरी घ्यायला जात होत्या. तरी फोनवर नेहमी तेच. रंग आला तर पिसं उलटी, पिसं सरळ तर पाय लांब.

परवा मी सबस्टेशनवर होतो. दुपारची वेळ, सभोवती ऊस. बाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्या व्हिडिओ कॉल करत नाहीत, रंग खोटे दिसतात म्हणून. मी घाबरूनच उचलला. पडद्यावर नुसतं आभाळ.

"वायरमन, नजर धुवून या."

"बाई, इथं समुद्र कुठला?"

"मग असेल त्यात धुवा."

मी कुंपणाशी गेलो आणि उसाकडे बघत उभा राहिलो. पुरेसा वेळ. माझे दोन वायरमन एकमेकांना कोपराने ढोसत होते. मग मी पडद्याकडे बघितलं.

"काय दिसतंय?"

"चिरा."

"नीट बघा हो."

मी नीट बघितलं. तांबडा, ओलसर, हळदीचे ठिपके, काळी छिद्रं. अंगण तेच, मागे गडगा तोच. कुठेही सावली नाही, कुठेही कड नाही. "चिराच आहे, बाई. यंदाचा नवीन आणलेला दिसतोय. कोंबडा कुठाय?"

मग गडग्यामागून काकी म्हणाली, "बाई, आता तं सांगा त्यास्नी."

आणि चिऱ्याने मान वर काढली. पिसं सरळ, पाय आखूड; छाती होडीसारखी पुढे आली, शेपूट उभी राहिली, तुऱ्यापासून टोकापर्यंत पेन्सिल न उचलता काढलेली एक रेघ माझ्या डोळ्यांसमोर उलगडली, आणि तो आरवला.

"बाई," मी म्हटलं, "ग्रेड?"

फोन हलत होता. त्यांनी चष्मा काढला असावा.

"ए," त्या म्हणाल्या. "दिला हो, वायरमन. ए दिला मी."

उसाच्या कडेला, दोन वायरमन आ वासून बघत असताना, मी फोन डोक्यावर धरला आणि छाती भरून ओरडलो, "व्हय म्हाराजा!"